लघवीची गोळी आणि एस्टीचा प्रवास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात आरोग्याच्या पानावर ‘औषधांची हयगय, घरच्यांचे दुर्लक्ष’ हा लेख वाचला. दोनदा वाचला. लेखक मोठे डॉक्टर आहेत, पदव्या एका ओळीत मावल्या नाहीत, त्यांच्या ज्ञानाबद्दल मी कोण बोलणार! पण म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या चुकतात त्याला ‘सुना-मुलांची बेफिकिरी’ एवढं एकच कारण त्यांना सापडावं? आणि उपाय काय, तर सात कप्प्यांचा डबा आणि मोबाइलवर गजर. डबा आमच्याकडे आहे. गजरही आहे. सकाळी सातला तो वाजला की शेजारचं कुत्रंसुद्धा उठतं.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, 81 वर्षांच्या आहेत. बीपी, शुगर, गुडघे. बीपीचे डॉक्टर संभाजीनगरला, शुगरचे परभणीला, हाडाचे महिन्यातून एकदा इथे सेलूत येतात, आणि मधल्या दुखण्याखुपण्याला गल्लीतले आहेतच. चौघांच्या चार फायली. एकाची फाईल दुसऱ्यापुढे सरकवली की ‘राहू द्या, गोळ्या चालू ठेवा’. चालू ठेवा म्हणायला सगळे आहेत, बंद करा म्हणणारा सहा वर्षांत एक भेटला नाही. अशा चालू ठेवत ठेवत दिवसाला अकरा गोळ्या झाल्या.

दोन वर्षांपूर्वी बीपीची ॲम्लोडिपिन 5 मिलीग्रॅमची 10 केली. महिनाभरात आत्यांचे पाय घोट्यापाशी इतके सुजले की चप्पल चढेना. गल्लीतल्या डॉक्टरांनी बोटाने दाबून पाहिलं, खळगा पडला, लघवीची गोळी लिहून दिली. झालं. आत्या रात्रीतून चार-चारदा उठू लागल्या. आमची न्हाणी अंगणाच्या त्या टोकाला. डिसेंबरातल्या एका रात्री उंबऱ्याला अडखळल्या, उजवं मनगट मोडलं. प्लास्टर झालं, दुखण्याच्या गोळ्या आल्या, सकाळ-संध्याकाळ. त्या संपल्या की मेडिकलवाला रिकामी पट्टी बघून नवी द्यायचा. तीन महिन्यांनी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मंदावलं की वाढणारा आकडा, 1.9. आता किडनीच्या डॉक्टरांना दाखवा म्हणाले, म्हणजे पाचवी फाईल.

यातल्या कुठल्या पायरीवर सुनेची बेफिकिरी होती, ते लेखकांनी सांगावं. माझ्या माहितीत एक गोळी चुकली नव्हती.

माझ्या माहितीत, असं मुद्दाम लिहिते.

पाचव्या फाईलच्या आधी एकदा सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेच्या बंधपत्रावर आलेली एक डॉक्टर होती, माझी विद्यार्थिनी शोभेल एवढ्या वयाची. ‘काकू, चिठ्ठ्या नको, घरात आहेत तेवढ्या गोळ्या घेऊन या,’ म्हणाली. मी दुसऱ्या दिवशी श्रीखंडाचा रिकामा डबा भरून नेला. तिने तो टेबलावर पालथा केला आणि पट्ट्या लावत बसली, पत्ते लावावेत तशा. पाच मिनिटांत दोन पट्ट्या माझ्यापुढे धरल्या. एक परभणीची, एक संभाजीनगरची, कंपनी वेगळी, रंग वेगळा, औषध तेच, बीपीचं टेल्मिसार्टन. एका गोळीत नुसतं, दुसरीत आणखी कशाबरोबर मिसळलेलं. म्हणजे वर्षभर मी आत्यांना एकच औषध दोनदा देत होते, तेही गजर लावून! औषधाचं मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरात लिहावं असं मेडिकल कौन्सिलने 2016 मध्ये सांगून झालंय. आमच्या चारही फायलींत ते अक्षर अजून पोचलेलं नाही.

मग तिने विचारलं, पाय बीपीची गोळी वाढवल्यावर सुजले की आधीपासून? तोवर हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ॲम्लोडिपिनने घोट्याला सूज येते, मात्रा वाढली की जास्त येते, आणि लघवीच्या गोळीने ती धड उतरतही नाही, हे तिने सांगितलं. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि दुखण्याची गोळी ही तीन एकत्र म्हाताऱ्या किडनीला फार जड जातात, हेही.

आणि मग ती आत्यांकडे वळली. माझ्याकडे नाही. ‘आजी, यातली कुठली गोळी तुम्ही खात नाही?’

‘खाता का’ असं नाही विचारलं. आत्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि बारक्या पांढऱ्या गोळीवर बोट ठेवलं. लघवीचीच. ‘गंगाखेडला बहिणीकडं जायचं असलं की म्या खात नाही. घडीघडीला उठावं लागतंय. एस्टीत काय करावं बाई, डायवरला गाडी थांबीव म्हनू का?’ गोळी पदराच्या गाठीला, नंतर तुळशीच्या कुंडीत.

मला आधी आत्यांचा राग आला. मग स्वतःचा. रोज हातावर गोळी ठेवायची आणि घोटभर पाणी द्यायचं, एवढंच मी करत होते. लेखक याला हयगय म्हणतील. सरकारने पंचाहत्तरीपुढच्यांना एस्टी फुकट केली, छान केलं, पण सेलू ते गंगाखेड वाटेत बाईमाणसाने उतरावं कुठे, आणि स्टँडवर उतरली तर त्या मुतारीत पाय ठेवावा कसा, हे लेखकांनी एकदा तिकीट काढून बघावं. (त्यांना तिकीट पडेल.)

पुढचं थोडक्यात. ॲम्लोडिपिन परत 5 वर आली, दोनाची एक टेल्मिसार्टन झाली, दुखण्याची गोळी बंद, लागलंच तर पॅरासिटामॉल. सूज उतरल्यावर लघवीची गोळीही गेली. उद्या कुणी ‘वाचकांना गोळ्या बंद करायला शिकवता का’ म्हणून पत्र पाठवेल, तर आधीच सांगते: मनाने काही केलं नाही, एका वेळी एकच बदल, दर पंधरा दिवसांनी बीपी मोजून. क्रिएटिनिन 1.3 वर आलं. शुगरच्या गोळीचंही तेव्हाच निघालं. आत्या एकादशी सोडत नाहीत, आणि गोळी मात्र एकादशीलाही सुरूच. आषाढीला घामाने ओल्याचिंब होऊन ‘हे कुणाचं घर’ म्हणत होत्या, तेव्हा मी तोंडात गूळ कोंबला आणि वयाचा विसराळूपणा समजून सोडून दिलं; उपाशीपोटी गोळी घेऊन शुगर उतरली होती ती. उपास करता का, हा प्रश्न अख्ख्या मराठवाड्यात शुगरच्या पेशंटला पहिला विचारायला हवा. म्हाताऱ्यांना कुठली औषधं टाळावीत याची बीअर्स नावाची यादी अमेरिकेत 1991 पासून आहे म्हणे, आणि आत्यांच्या शुगरच्या गोळीचं नाव तीत आहे.

बीपी आता 140 च्या वर-खाली असतं. ‘आजी, थोडं वर राहिलं तर चालवून घेऊ, पण पडायचं नाही. चालेल ना?’ असं तिने आत्यांनाच विचारलं होतं. आत्या म्हणाल्या, ‘पडायचं नाही. बाकीचं तुझं तू बघ.’ मोठ्या दवाखान्यांत आम्ही तीनशे-पाचशे रुपये मोजून आत जातो आणि आत्यांना बसायला स्टूल मिळायच्या आत बाहेर येतो. सत्तरीपुढच्यांना पाच लाखांचं आयुष्मान कार्ड मिळालं आहे, पण ते ॲडमिट झालं तर. महिन्याच्या गोळ्या आणि हे दहा मिनिटांचं बोलणं त्यात बसत नाही.

ती डॉक्टर गेली. बंधपत्राचं वर्ष संपलं. तिच्या जागेवर अजून कुणी आलेलं नाही, दारावर कुलूप आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सेलू, जि. परभणी
(कृपया नाव छापू नये. आमचे चारही डॉक्टर आपलाच पेपर वाचतात.)

ता. क. : त्याच लेखाच्या खाली पाव पानाची जाहिरात होती, ‘मधुमेह मुळापासून बरा, गोळ्या कायमच्या बंद’. अशा जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे आणि त्यातल्या आजारांच्या यादीत मधुमेह नावानिशी आहे, हे आपल्या जाहिरात विभागाला कुणीतरी कळवावं. आत्यांनी ती जाहिरात कापून उशीखाली ठेवली आहे आणि सकाळपासून दोनदा विचारून झालं, फोन लावला का म्हणून.