आयुक्त साहेब, तुमच्या रिपोर्टात गॅस शून्य आणि माझा हात भाजलेला

प्रति,
मा. आयुक्त साहेब,
महानगरपालिका (कुठली ते लिहीत नाही, एक नोटीस ऑलरेडी दारावर चिकटलेली आहे)

स.न.वि.वि.

पत्रास कारण की, माझ्या उजव्या हाताला ड्रेसिंग आहे आणि हे सगळं मी निम्मं डाव्या अंगठ्याने आणि निम्मं मोबाईलमध्ये बोलून टाईप करतोय, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. तुम्ही चार्ज घेऊन पाचच महिने झालेत, सगळं तुमच्याच डोक्यावर फोडणं बरोबर नाही हे मलाही कळतं. पण तुमच्या आधीचे साहेब बदलून गेले, त्यांच्या आधीचेही गेले, कचरा डेपो तेवढा गेला नाही, मग लिहायचं कोणाला.

झालं असं. गेल्या गुरुवारी संध्याकाळी आभाळ भरून आलं, लाईट गेली, परत आली तर मोटर चालू होईना. आमचा मोटरचा खड्डा अंगणातच आहे, चार फूट खोल, वर लोखंडी झाकण. मोबाईल आत चार्जिंगला होता म्हणून देवाजवळची काडेपेटी उचलली, झाकण सरकवलं, वाकलो आणि काडी ओढली. आवाज फार मोठा नाही झाला, गॅसची शेगडी उशिरा पेटते तेव्हा कसं भक् होतं तसंच, फक्त शेगडीच्या जागी अख्खा खड्डा. निळा जाळ तोंडापर्यंत आला आणि गेला पण. पहिल्यांदा कळलं ते वासानं, केस जळाल्याचा, आणि ते केस माझे होते. भुवया गेल्या, पापण्या गेल्या, हाताची कातडी मनगटापासून मोज्यासारखी सैल झाली. बायकोनं बादली ओतली. डॉक्टर म्हणाले डोळे मिटले म्हणून वाचलात. आत्तापर्यंत ३८,४०० रुपये झाले, त्यात रिक्षा धरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी तुमच्या वॉर्डातून एक जण आला, खड्ड्यात न वाकता लांबूनच बघितलं आणि म्हणाला, काका, सेप्टिक टँकचा गॅस असेल. अहो, आमच्या गल्लीत सेप्टिक टँकच नाही, ड्रेनेज लाईन तुम्हीच टाकलीय, त्याचा बोर्ड पण तुम्हीच लावलाय, फोटोसकट!

डेपोची भिंत माझ्या घरापासून ९० पावलांवर. मोजलीत. भिंतीवर स्वच्छ सर्वेक्षणाच्या वेळी काढलेला मोर आहे, पिसारा छान आलाय, कचऱ्याचा डोंगर त्याच्यावरून डोकावतो एवढंच. माझा भाचा असल्याच कामात आहे, तो त्याच्या ऑफिसचं मीटर दोन तासासाठी घेऊन आला. खड्डा रात्रभर झाकून ठेवला होता, सकाळी झाकणाच्या फटीत नळी घातली तर मीटर असं किंचाळायला लागलं की शेजारचं पोरगं रडत बाहेर आलं. एलईएलच्या ३८ टक्के. मला त्यातलं काही कळत नव्हतं, तर भाच्यानं सांगितलं ते असं की हवेत साधारण ५ ते १५ टक्के मिथेन (कचरा कुजला की निघतो तो गॅस) असला की ठिणगीला भडका, त्या खालच्या ५ टक्क्याला एलईएल म्हणतात, आणि २०१६ च्या घनकचरा नियमात लिहिलेलं की डेपोवर मिथेन त्याच्या २५ टक्क्याच्या वर जाता कामा नये. म्हणजे हवेत सव्वा टक्का. हे डेपोच्या आत हां. माझ्या अंगणाचा आकडा नियमात नाही, कारण माझ्या अंगणात तो असेल असं नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यातही आलं नसणार.

आता मुद्द्यावर येतो. ह्याच गॅसवर लक्ष ठेवायला पालिकेनं ठेकेदार नेमलाय. मी दहा रुपयांचा अर्ज टाकून माहिती अधिकारात त्याचे रिपोर्ट मागवले होते, हात भाजायच्या आधी, निव्वळ वासानं वैतागून. तीस दिवसात काही आलं नाही, अपील केलं, मग एकदाची ६१ पानं मिळाली, दोन रुपये पान. ठेका तीन वर्षांचा, रक्कम ४८ लाख, एका पानावर ५२ आहे, जीएसटी धरून की सोडून देव जाणे. दर तीन महिन्यांनी आठ पॉईंटवर रिडिंग घ्यायचं. बारा तिमाहीचे रिपोर्ट बघितले, आठही पॉईंट, सगळीकडे ०.०. एकदा तरी ०.१ टाकायचं राव, खरं वाटावं म्हणून! एक व्हिजिट २ ऑक्टोबरची आहे, त्या दिवशी डेपोच्या गेटला कुलूप असतं. चार वेगवेगळ्या तिमाहीच्या फोटोत तोच माणूस, तोच चौकड्याचा शर्ट, तीच छत्री, आणि मागे तीच म्हैस, ती पण त्याच पोझमध्ये. मीटरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे मीटर बरोबर दाखवतंय याचा दाखला, जोडलंय ते पहिल्या वर्षीचं.

पॉईंट क्रमांक सहा मी स्वतः जाऊन बघितला. भिंतीच्या आतल्या बाजूला जमिनीतून वर आलेला प्लॅस्टिकचा पाईप आहे, तोंडात गोणपाट कोंबलेलं, आणि त्याला एक शेळी बांधलेली. राखणदाराला विचारलं इथं कोण मशीन लावायला येतं का, तर म्हणाला मी दीड वर्षं आहे, शेळीशिवाय इथं कोणी आलेलं नाही.

आणि समजा तो माणूस खरंच आला असता तरी काय? टेंडरच्या अटीत वेळ लिहिलीय सकाळी ११ ते ५. आम्हाला, जे इथं राहतात त्यांना, विचारा वास कधी येतो. पाऊस यायच्या आधी, आभाळ दाटलं की. भाचा म्हणतो त्यालाही शास्त्र आहे, हवेचा दाब पडला की जमिनीतला गॅस वर ओढला जातो. इंग्लंडमध्ये लॉस्को म्हणून गाव आहे, तिथं १९८६ च्या मार्चमध्ये असाच दाब पडला आणि डेपोजवळचा एक बंगला पहाटे उडाला, तिघं जखमी झाले. तेव्हापासून जगाला माहिती असलेली गोष्ट आपल्या टेंडरमध्ये नाही. वरनं मागच्या एप्रिलमध्ये आमच्या गल्लीत तुम्ही काँक्रीट रोड केलात, भिंतीपासून भिंतीपर्यंत, श्वास घ्यायला फट नाही. पूर्वी वर निघून जायचा तो गॅस आता आडवा जातो, पाईपलाईनच्या मुरमातून, आणि जिथं खड्डा दिसेल तिथं जमतो. रोडचं उद्घाटन झालं तेव्हा पेढे मीच वाटले होते, ते पण लिहून ठेवतो.

हे काय पहिल्यांदा होतंय का? मालाडला जुन्या डंपिंगवर चकाचक ऑफिसं उठली आणि तिथल्या कॉम्प्युटरचे पार्ट गंजायला लागले, केवढी बोंबाबोंब झाली होती. कॉम्प्युटरची झाली, माणसांची होत नाही. २०१६ च्या जानेवारीत देवनार पेटलं, धूर उपग्रहातून दिसला, शाळा बंद ठेवल्या, मग हायकोर्टानं मुंबईतल्या नव्या बांधकामांवरच बंदी आणली तेव्हा कुठं सगळे जागे झाले, कारण बिल्डरला धूर लागला. २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी उपग्रहावरून मोजलं तर मुंबईतल्या एका डंपिंगमधून तासाला ९.८ टन मिथेन. म्हणजे आकाशातून दिसतो, आणि चौकड्याच्या शर्टवाल्याला पाईपला मीटर लावून दिसत नाही. कोचीला २०२३ मध्ये ब्रह्मपुरमचं डंपिंग बारा दिवस धुमसत होतं, हरित लवादानं तिथल्या पालिकेला १०० कोटींचा दंड लावला. तो दंड पण शेवटी घरपट्टीतूनच ना?

मागच्या साहेबांनी २६ जानेवारीला झेंड्याखाली उभं राहून सांगितलेलं की गेटवर डिजिटल बोर्ड लावू, रोजचा मिथेन नागरिकांना दिसेल. बोर्ड लागला, खोटं कशाला बोलू. आठ दिवस त्यावर ‘सुस्वागतम्’ फिरत होतं, मग दादांचा वाढदिवस आला, ते अजून फिरतंय, दादांचा वाढदिवस काही संपत नाही.

मला ठेकेदाराचा पण राग येत नाही आता. सगळ्यात कमी दर भरेल त्याला काम, ही तुमची पद्धत. जो खरं मीटर आणून, माणूस ठेवून, वर्षाला चार वेळा मोजेल त्याचा दर जास्तच येणार, तो बाहेर. आणि बिल निघतं ते रिपोर्ट जमा झाला की, रिपोर्टात काय लिहिलंय ते वाचायची कुठल्या टेबलला सक्ती नाही. उलट त्यानं खरं रिडिंग लिहिलं असतं तर तुमच्याच घनकचरा खात्याला काम लागलं असतं, म्हणजे शून्य लिहिणं हीच त्याची खरी सर्व्हिस, ४८ लाख त्याचेच. मधली इतकी वर्षं पालिकेत निवडणूकच नव्हती, प्रशासकच सभा, प्रशासकच स्थायी समिती, प्रस्ताव मांडणार तेच, मंजूर करणार तेच, आणि आम्ही तक्रार टाकली की ॲपवर मेसेज येतो ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे’. माझ्या वासाच्या तक्रारीचं असं नऊ वेळा निराकरण झालंय. घरपट्टीत कचऱ्याचं शुल्क वेगळं लावता, ते भरलं नाही तर दोन टक्के महिना व्याज, एका दिवसाची सवलत नाही. आमच्या वस्तीत चारशे घरं असतील, कोणी सहाशे म्हणतं, सगळ्यांचे मोटरचे खड्डे असेच आहेत आणि संध्याकाळी दिवा लावणारी माणसं पण.

मागण्या लिहायच्या राहिल्याच. भिंतीपासून दोनशे मीटरमधल्या सगळ्या खड्ड्यांत आणि चेंबरमध्ये कोणीतरी एकदा मीटर घाला, तो ठेकेदार सोडून कोणीही चालेल. रिडिंग संध्याकाळी आणि ढगाळ दिवशी पण घ्या. बारा रिपोर्टांवर सही कोणाची आहे ते बघा. बोर्डावरून दादांना उतरवा. माझे ३८,४०० द्याल अशी आशा नाही, मागितले नव्हते असं उद्या म्हणू नका म्हणून इथं लिहिले.

आणि ती नोटीस. भाच्यानं सांगितलं म्हणून गॅस साचू नये यासाठी खड्ड्याचं झाकण काढून बाजूला ठेवलंय, भोवती दोरी बांधलीय, पाणी सध्या शेजारून बादलीनं आणतो. सोमवारी तुमचे इंजिनिअर आले, गॅसचं मीटर त्यांच्याकडे नव्हतं, पण छापील नोटीस होती. उघडा खड्डा जीवितास धोकादायक आहे, सात दिवसांत झाकण बसवून बंद करावा, अन्यथा दंडात्मक कारवाई. सही डाव्या हातानं केली. आज चौथा दिवस.

आपला,
एक करदाता
मोराच्या भिंतीसमोरची तिसरी गल्ली