लेनोरवर अन्याय झाला

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘सुपरनॅचरल’ या अमेरिकी मालिकेचे आम्ही नागपूरकर चाहते एकत्र जमलो की दुसऱ्या पर्वातील ‘ब्लडलस्ट’ या भागावरून वाद हमखास होतो. लेनोर या व्हॅम्पायरची, म्हणजे रक्त पिणाऱ्या पिशाच्चाची, गय कशाला करायची, असे म्हणणारे आमच्यात बरेच आहेत. मला ते मुळीच मान्य नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

१२ ऑक्टोबर २००६ रोजी प्रथम प्रसारित झालेला हा भाग सुरुवातीलाच प्रेक्षकाला चकवतो. रात्रीच्या जंगलातून एक तरुणी जिवाच्या आकांताने पळत असते, तिचे मुंडके उडवले जाते आणि मारणारा कोणीतरी राक्षस असावा, असे आपण गृहीत धरतो. पुढे शवागारात डीन आणि सॅम या विंचेस्टर बंधूंना तिच्या हिरड्यांत दडलेले सुळे सापडतात. व्हॅम्पायर ती होती आणि तिला मारणारा गॉर्डन वॉकर हा या भावांसारखाच राक्षसांचा शिकारी होता. नुकतेच वडील गमावलेला डीन गॉर्डनकडे ओढला जातो, तर सॅम सावध राहतो. मोंटानातील रेड लॉज गावात मरून पडलेली गुरे ही लेनोर आणि तिच्या साथीदारांची खूण असते, कारण त्यांनी माणसांना मारणे सोडून जनावरांच्या रक्तावर भागवायचे ठरवलेले असते.

या भागाचा प्राण एकाच प्रसंगात आहे. या मालिकेत लसूण वा क्रूस यांचा व्हॅम्पायरवर परिणाम होत नाही. त्यांचे शिर धडावेगळे करावे लागते आणि मेलेल्या माणसाच्या रक्ताने ते दुर्बळ होतात. गॉर्डन लेनोरला खुर्चीला बांधून तेच रक्त तिच्या अंगात भिनवतो, मग सॅमच्या हातावर सुरी फिरवून ताजे रक्त तिच्या तोंडावर ठिबकवतो. तिचे सुळे बाहेर येतात आणि तरीही, यातनांनी अर्धमेली झालेली असताना, ती नकार देत मान फिरवते. सुळे बाहेर येणे तिच्या हातात नव्हते, मान फिरवणे होते. आणि पारख करायची तर याचीच करायला हवी. लेनोर साकारणाऱ्या ॲम्बर बेन्सनने हा क्षण जिवंत केला आहे, आणि स्टर्लिंग के. ब्राउनचा शांत, समजावणीच्या सुरात बोलणारा गॉर्डन तिच्यापेक्षा कितीतरी भयंकर वाटतो.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. एखादी व्यक्ती करणी करते, भूत लावते किंवा मंत्रतंत्राने जनावरांचे दूध आटवते असे सांगून तिचे जगणे मुश्कील करणे, हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवला आहे. गोठ्यातले जनावर दगावले की एखाद्या एकट्या बाईकडे बोट दाखवले जाते, हे विदर्भाने पाहिलेले आहे. ती बाई निरपराध माणूस असते. लेनोर मात्र खरोखरच व्हॅम्पायर आहे, म्हणून तिच्या बाबतीत निवाडा अधिक अवघड होतो, आणि लेखिका सेरा गॅम्बल यांनी ती अडचण टाळलेली नाही.

माझे मित्र यावर २०११ मधील ‘मॉमी डिअरेस्ट’ या भागाकडे बोट दाखवतात. तिथे लेनोर पुन्हा माणसाचे रक्त प्यालेली असते आणि स्वतःच मरण मागते. मग व्हॅम्पायर कधीच सुधारत नाही असे मानणारा गॉर्डनच खरा ठरला, असा त्यांचा युक्तिवाद. परंतु त्या वेळी साऱ्या राक्षसांची आई असलेली ईव्ह तिच्या मनाचा ताबा घेत होती, आणि आपल्या हातून पुन्हा असे घडू नये म्हणूनच ती मरण मागत होती. डीन आणि सॅम तिला मारायला धजत नाहीत, तेव्हा वेळ जातो आहे म्हणून त्यांचा साथीदार देवदूत कॅस्टिएल तिला क्षणात संपवतो आणि कथा पुढे निघून जाते. इतक्या ताकदीने उभ्या केलेल्या पात्राचा असा उरकून टाकलेला शेवट मला आजही खटकतो.

गॉर्डनच्या वाट्याला मात्र १५ नोव्हेंबर २००७ चा ‘फ्रेश ब्लड’ हा जवळजवळ संपूर्ण भाग आला. त्यात तो स्वतः व्हॅम्पायर होतो आणि माणसांचे बळी घेतो, तरी आपण योग्यच करत आहोत ही त्याची खात्री सॅमच्या हातून मरेपर्यंत ढळत नाही. लेनोर मात्र आपल्या हातून घडलेले तोंडाने कबूल करते. या दोघांना शेजारी ठेवून पाहिल्यावरही गॉर्डनची बाजू कशी घेता येते, हे माझ्या मित्रांनी मला समजावून सांगावे.

आपला एक वाचक,
धरमपेठ, नागपूर