आधी परिचराची वही मागवा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी एकतीस वर्षे संख्याशास्त्र शिकवले. त्यातली सहा वर्षे तिथल्या संगणक समितीची निमंत्रक होते. महाविद्यालयाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिले तर बाकीच्यांना वाटेल, हे आपल्याबद्दल नाही.

दर जूनमध्ये प्राध्यापकांच्या खोलीतल्या फलकावर समित्यांची यादी लागते. शिस्त, सहल, भित्तिपत्रक, वृक्षारोपण, संगणक. प्रत्येकाच्या वाट्याला पाच-सहा. मी मुलांना ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकभाषा शिकवायची, म्हणून संगणक माझ्या गळ्यात. या समितीने खरे तर पाहायचे ते असे : कोणत्या विषयाला प्रयोगशाळा आठवड्यातून किती तास लागते, कोणते सॉफ्टवेअर हवे, बिघडलेले यंत्र किती दिवसांत सुरू व्हावे, नव्या प्राध्यापकाला मूडल हे ऑनलाइन अध्यापनाचे सॉफ्टवेअर कोण शिकवणार. प्रत्यक्षात माझ्याकडे यायची ती तीन दरपत्रके, सर्वांत कमी आकड्याखाली आधीच पेन्सिलीने रेघ मारलेली. ‘मॅडम, इथं सही.’ काय घ्यायचे ते खरेदी समितीने ठरवलेले असायचे, आणि त्या समितीत संगणकावर शिकवणारे कोणीच नव्हते.

असाच एकदा स्मार्ट बोर्ड आला आणि पश्चिमेकडच्या वर्गात बसला. दुपारी दोननंतर त्यावर थेट ऊन यायचे, अक्षर दिसायचे नाही. पडदे मागितले. उत्तर आले की, बोर्ड खर्चाच्या ज्या शीर्षाखाली घेतला त्यात पडदे बसत नाहीत. दोन वर्षे मी त्या बोर्डाशेजारी जुना फळा ठेवून खडूनेच शिकवले. मूल्यांकनाच्या फायलीत मात्र त्याचा झकास फोटो आहे, सकाळी आठ वाजता काढलेला.

आता माझीही चूक सांगते. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या चौथ्या निकषात तेव्हा विद्यार्थी आणि संगणक यांचे गुणोत्तर विचारत. आमच्या डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, बासष्ट संगणक होते. चालू होते एकेचाळीस, त्यातले नऊ कार्यालयात, म्हणजे मुलांच्या उपयोगाचे नाहीत. मी बासष्ट लिहिले. संख्याशास्त्राच्या प्राध्यापिकेने!

खरा आकडा प्रयोगशाळा परिचराकडे होता. एका शंभर पानी वहीत तो रोज टिपून ठेवायचा. सात नंबरची एंटर कळ अडकते. चौदा नंबर विजेचा दाब कमी झाला की बंद पडतो. बावीसची केबल उंदराने खाल्ली. पहिली दोन वर्षे मी ती वही उघडूनही पाहिली नव्हती. बैठकीत तो यायचा तो चहा घेऊन. तिसऱ्या वर्षी त्याला खुर्ची दिली आणि बैठकीची सुरुवात वही वाचून करू लागलो. त्या वर्षात अकरा बंद यंत्रे सुरू झाली. नवे काहीच घेतले नव्हते, बहुतेकांचे दुखणे यूपीएसच्या बॅटरीचे नाहीतर रॅमचे निघाले.

करोनाकाळानंतर आणखी एक काम या समितीने केले, त्याचा मला आजही अभिमान आहे. टाळेबंदीत प्रत्येकाने आपापल्या खासगी जीमेलवरून तास घेतले होते. एक तरुण सहकारी नोकरी सोडून गेली आणि तिच्याबरोबर तिची सगळी ध्वनिमुद्रणे गेली. मग आम्ही महाविद्यालयाच्या नावाची खाती काढायला लावली. नंतर कळले की, त्यांचा मुख्य पासवर्ड फक्त ती खाती काढून देणाऱ्या बाहेरच्या माणसाकडे आहे. तो परत मिळवायला चार महिने आणि तीन पत्रे लागली.

कायद्यात सोय नाही असे नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ प्रमाणे महाविद्यालय विकास समिती असते आणि तिने वर्षातून किमान चार वेळा बसायचे असते. अध्यापनात माहिती तंत्रज्ञानाचा वापर वाढावा म्हणून व्यवस्थापनाला शिफारशी करणे हे तिच्या कामांत लिहिलेलेच आहे. पूर्णवेळ प्राध्यापकांनी निवडलेले तिघे तिच्यात असतात, शिक्षकेतरांचा प्रतिनिधी असतो. पण आमच्याकडे संगणकाची प्रात्यक्षिके घेत होते ते तासिका तत्त्वावरचे, म्हणजे घेतलेल्या तासांपुरते मानधन मिळणारे प्राध्यापक. ते पूर्णवेळ नाहीत, म्हणून विकास समितीसाठी त्यांना मत नाही. पुढच्या वर्षी असतील की नाही याची खात्री नाही, म्हणून संगणक समितीतही त्यांना कोणी घेत नाही. मग विकास समितीच्या इतिवृत्तात ‘संगणक : चर्चा झाली’ एवढीच ओळ उरते.

हे सगळे आज उगाळण्याचे कारण वेगळे आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा सर्वसाधारण आधार (सपोर्ट) बंद केला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. २०१७ पूर्वीची यंत्रे त्यात बसत नाहीत. परवा एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. चौतीस यंत्रे निर्लेखित करून (वापरातून काढून) नवी घ्यायचा प्रस्ताव तयार आहे, समितीची सही तेवढी बाकी. मी विचारले, त्या यंत्रांवर शिकवतात काय? बी.एस्सी.ची मुले आर आणि पायथन या संगणकभाषा शिकतात, बी.कॉम.ची टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर. आर आणि पायथन लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत प्रणालीवर, बिनबोभाट चालतात आणि फुकट आहेत. टॅलीला विंडोज हवे. मग टॅलीपुरती दहा-बारा यंत्रे बदला, बाकीच्यांवर लिनक्स घाला. शिवाय शैक्षणिक संस्थांना विंडोज १० ची सुरक्षा अद्ययावते (अपडेट) तीन वर्षांपर्यंत विकत मिळतात : यंत्रामागे पहिल्या वर्षी एक डॉलर, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी चार. नवी यंत्रे विकणारा हे आपण होऊन कशाला सांगेल? ‘पण लिनक्स आमच्या लोकांना शिकवणार कोण?’ असे सहकाऱ्याने विचारले, आणि ते रास्तच होते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे आणि लिब्रेऑफिस या मोफत कार्यालयीन सॉफ्टवेअरचे धडे मराठी आवाजात आहेत, तेही विनामूल्य. सुट्टीतला एक आठवडा त्यासाठी राखून ठेवा, असा ठराव समिती करू शकते. केलेला नाही.

म्हणून विद्यापीठांना एक विनंती. संलग्नतेसाठी तुमची स्थानिक चौकशी समिती येते, तेव्हा संगणकांची संख्या विचारण्याआधी संगणक समितीची गेल्या वर्षीची इतिवृत्ते मागा. कोणत्या विषयासाठी काय मागितले, कोणी मागितले, ते किती दिवसांत मिळाले, हे त्यात दिसते का पाहा. प्रात्यक्षिके घेणाऱ्या तासिका प्राध्यापकाची सही त्यावर आहे का तेही पाहा. डेडस्टॉक रजिस्टर मग बघितले तरी चालेल, आधी परिचराची वही मागवा. आमच्याकडे ती आता कोण लिहिते कोण जाणे. तो परिचर मे महिन्यात निवृत्त झाला आणि त्याची जागा अजून भरलेली नाही.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका,
जि. सांगली