बुंध्याभोवती मीटरभर माती सोडा

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना
सप्रेम नमस्कार.

मी छत्रपती संभाजीनगरचा रहिवासी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक कडुलिंब होता. आमच्याकडं त्याला नुसता लिंब म्हणतात. माझ्या वडिलांच्या वयाचा. गेल्या मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यात तो आडवा झाला. सकाळी लोक फांद्या सरपणाला ओढून नेत होते, मी मुळांपाशी बसून राहिलो. एवढ्या झाडाचा गड्डा जेमतेम बैलगाडीच्या चाकाएवढा! रस्त्याकडच्या मुळ्या एका सरळ रेषेत तुटलेल्या, टोकं काळी पडून कुजलेली. दोन वर्षांपूर्वी तिथून पाइपलाइनसाठी जेसीबीनं चर खणला होता. उरलेल्या तिन्ही बाजूंनी पेव्हर ब्लॉक बुंध्याला भिडवलेले, फटींत सिमेंट. सगळे म्हणाले, वाऱ्यानं पडला. साहेब, तो वाऱ्यानं पडलेला नाही.

झाडाची पाणी ओढणारी बारीक मुळं वरच्या हात-दीड हात मातीतच पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. वरून काँक्रीट आलं की दोन्ही तुटतं, झाड आतून वाळत जातं आणि चार-पाच वर्षांनी त्यालाच 'धोकादायक' ठरवून कापतात. तोवर ठेकेदाराचं बिल कधीच निघालेलं असतं.

रस्त्याकडेला झाड लावणं हे आपल्याकडं नवं नाही. अशोकानं आपल्या स्तंभलेखात कोरून ठेवलंय की माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून वाटांवर वड लावले. पैठण रस्त्याचे जुने वड आमच्या पिढीनं डोळ्यांनी पाहिले, रुंदीकरणात ते कमी होत गेलेलेही पाहिले. शहराच्या रस्त्यावर मात्र झाड आणि फरशी एकत्र नांदवायची कशी, हा वेगळा प्रश्न. पॅरिसमध्ये 1853 नंतर तिथले प्रमुख सरकारी अधिकारी ओस्मान यांनी रुंद रस्ते काढले, त्यांच्या दोन्ही कडांना झाडांच्या रांगा उभ्या केल्या, आणि प्रत्येक बुंध्याभोवती मातीचं आळं मोकळं ठेवून त्यावर बिडाची जाळी बसवली. माणसं जाळीवरून चालतात, पाणी खाली मुरतं. दीडशे वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न आहे हा. इंग्रजांनी नवी दिल्ली वसवली तेव्हा एकेका रस्त्याला एकेक जात दिली: कुठं जांभूळ, कुठं लिंब, कुठं अर्जुन, कुठं चिंच. ती सावली आजही लोक वापरतात. पण काँक्रीट तिथंही बुंध्यापर्यंत पोचलंच. शेवटी 2013 साली राष्ट्रीय हरित लवादाला सांगावं लागलं की झाडाभोवतीचं एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढा.

आपल्या राज्यात कायदा कमी नाही. 1975 चा नागरी क्षेत्रातील झाडांचा कायदा आहे. त्यात झाड तोडणं म्हणजे नुसती कुऱ्हाड नव्हे. झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं हेही तोडण्यातच येतं. 2021 च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायचं बंधन घातलं. आमच्या लिंबाचं वय पन्नासच्या वर होतं. त्याच्यासाठी एकही रोप लागलं नाही, कारण कागदावर तो कुणी तोडलाच नव्हता.

रोपांचे आकडे आम्हाला नकोत. दर जुलैत खड्डे होतात, फोटो निघतात, मार्चपर्यंत काटक्या उरतात. मे महिन्यात इथं पारा चाळिशीपार जातो, तेव्हा भाजीवाली आपली हातगाडी कुठल्याही रोपाशेजारी लावत नाही. ती जुन्या झाडाखालीच लावते. आहे ते झाड जगवणं हे पहिलं काम.

म्हणून मागणी एकच. रस्ता, पदपथ आणि पाइपलाइनच्या प्रत्येक निविदेत अट घाला: बुंध्याभोवती एक मीटर माती उघडी राहील, तिथं जेसीबी न लावता हातानं खणलं जाईल, आणि आळ्याचा फोटो मोजमाप पुस्तिकेला जोडल्याशिवाय शेवटचं बिल निघणार नाही. खर्च जवळजवळ नाहीच, उलट तेवढे ब्लॉक वाचतात.

आमच्या मागच्या गल्लीत तीन लिंब अजून उभे आहेत. परवा तिथं चुन्याच्या रेघा मारून गेले. एक रेघ थेट बुंध्यावरून गेलीय. ब्लॉकची गाडी येण्याआधी आपलं परिपत्रक निघावं.

आपला,
संभाजीनगरचा एक नागरिक