सहाव्या मजल्यावरच्या ताईंना

ताई, नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत आहे. युनिफॉर्मवरच्या पट्टीवर ते होतं. पण सकाळी निघताना तुम्ही म्हणालात, "साहेबांना सांगू नका हां दादा, लिनन रूममध्ये गेस्टला बसवायचं नसतं." म्हणून इथे तुमचं नाव नाही आणि हॉटेलचंही नाही. सीएसएमटीवरून चालत दहा मिनिटं, बारा मजले, दोनशेच्या वर खोल्या, एवढंच सांगतो. त्यावरून कुणी ओळखायला जाईल तर त्याला सबंध फोर्ट हिंडावा लागेल.

खोली सोडल्यावर मोबाइलवर हॉटेलचा फॉर्म आला होता. खोलीच्या स्वच्छतेला किती तारे, नाश्त्याला किती, वाय-फायला किती. रात्री पावणेतीनला माझ्या आईला टॉवेलच्या घड्या घालायला बसवल्याबद्दल किती तारे, असा रकाना काही त्यात सापडला नाही. म्हणून हे पत्र.

आम्ही सोलापूरचे, पूर्व भागातले. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. आमच्याकडे बाईमाणूस कामाला जायचं म्हणजे एक तर विड्या वळणार, नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात जाणार. आई कारखान्यात गेली. आधी विणायच्या सुताच्या कांड्या भरल्या, मग काठ शिवले आणि शेवटची बरीच वर्षं घडी-पॅकिंगला होती. एकतीस वर्षं झाली तिथे. सोलापुरी चादरीसारखंच सोलापुरी टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, पण नाव झालं ते चादरीचं. आईला याचा खरंच राग यायचा. हल्ली राग कशाचा आला तेही तिला आठवत नाही. दोन वर्षांपासून तिचा विसराळूपणा वाढत चाललाय. सोलापुरातल्या डॉक्टरांनीच सांगितलं, एकदा मुंबईला दाखवून या.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी उतरलो. खोली दुपारी दोनला मिळणार होती, पण रिसेप्शनवरच्या मुलीने आईकडे पाहून अकरालाच किल्ली दिली, तिचेही आभार. भाडं साडेचार हजार. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाचवर आलाय, तेवढीच काय ती बचत. खोली चांगली होती. खिडकीतून रात्री सीएसएमटीच्या घुमटावरचे रंगीत दिवे दिसत होते. आई म्हणाली, "लग्न आहे वाटतं कुणाचं."

गोंधळ झाला तो किल्लीच्या कार्डाचा. दाराशेजारच्या खाचेत कार्ड ठेवलं की दिवे लागतात, काढलं की सगळं बंद, हे तुम्हाला काय सांगायचं. आईच्या लेखी मात्र किल्ली म्हणजे पदराच्या गाठीत बांधायची वस्तू. दिवसभरात तिने तीनदा ते कार्ड काढून पदराला बांधलं. तीनही वेळा आम्ही अंधारात.

रात्री अडीचच्या सुमाराला मला उकाड्याने जाग आली. एसी बंद. बटण दाबलं तर दिवा लागेना. शेजारचा पलंग चाचपला, तर रिकामा. तसाच अनवाणी कॉरिडॉरमध्ये धावलो आणि मागे दार आपोआप लागलं. आग लागलीच तर खोलीतला धूर बाहेर पसरू नये म्हणून ही दारं आपणहून मिटणारी असतात, हे नंतर कुणीतरी सांगितलं. त्या वेळी एवढंच कळलं, की कार्ड आईकडे, आई कुठे ते माहीत नाही आणि मी बनियनवर बाहेर. आठव्या मजल्यावर दोन्ही बाजूंना सारखी दारं, सारखा गालिचा, सारखे दिवे. मलाच आमची खोली ८१७ की ८१९ ते आठवेना. आईने तिथे उभं राहून काय ओळखलं असेल?

खाली रिसेप्शनवर रात्रपाळीचा मुलगा होता. तो भला होता, पण त्याच्या कॉम्प्युटरवर दिवसाचा हिशेब मिटवणं चालू होतं. हॉटेलातली तारीख रात्री बाराला बदलत नाही, ऑडिट संपलं की बदलते, ही माहिती मला आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा मिळाली आणि तिचा मला काडीचा उपयोग नव्हता. सिक्युरिटीवाल्याने कॅमेरे मागे नेऊन पाहिले आणि म्हणाला, मुख्य दारातून कुणी म्हातारी बाई बाहेर गेलेली नाही. माझ्या डोळ्यांपुढे जिने येत होते. बारा मजल्यांचे, सिमेंटचे.

मग फोन वाजला. त्या मुलाने ऐकलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, सहाव्या मजल्यावर आहेत. त्या ताई म्हणतात, सावकाश या."

तुमची ती खोली केवढी, आमच्या न्हाणीघराएवढी. तीन भिंतींना छतापर्यंत फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या थप्प्या. चादरी, उशांचे अभ्रे, नॅपकिन, पायपुसणी, टॉवेल. मधल्या टेबलाशी आई उभी होती. तुम्ही उलट्या क्रेटवर बसून वहीत आकडे मांडत होतात. मी "आई!" म्हणून ओरडणारच होतो, तेवढ्यात तुम्ही हात वर केलात. हळूच म्हणालात, "थांबा दादा. पाच नग राहिलेत."

ते पाच नग होईपर्यंत मी दारात उभा राहिलो. आई टॉवेल उचलायची, दोन्ही हातांनी एक झटका द्यायची, म्हणजे टॉवेलावरचे दबलेले सुताचे फंदे उभे राहतात. मग टेबलावर पसरून तळहात या काठापासून त्या काठापर्यंत फिरवायची. तिचे डोळे टॉवेलावर नव्हतेच, समोर भिंतीकडे होते, बघायचं काम हात करत होता. लांबीत तीन पदर, कडा आत, दुमड बाहेर, नक्षीची पट्टी वर. सहा नग एका बाजूला तोंड करून, पुढचे सहा उलट्या बाजूला, म्हणजे थप्पी कलत नाही. घरी आम्ही तिच्या हातातून आधी गॅस काढून घेतला, मग विळी, मग सुई. "आई, तू बस," हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणतो त्याचा हिशेब नाही. तिचे हात थरथरतात म्हणून. त्या रात्री टेबलाशी ते थरथरत नव्हते.

मधेच तिने एक टॉवेल तळहातावर तोलला आणि तुम्हाला म्हणाली, "डझनाला सहा किलोचा माल. आमच्याकडचा." तुम्ही लेबल उलटून पाहिलंत. धुऊन धुऊन त्यावरची अक्षरं गेली होती. तुम्ही म्हणालात, "हो अम्मा, तुमच्याकडचाच." खरं-खोटं करायची ती वेळ नव्हती, पण ताई, मला अजून वाटतं ती बरोबर असेल.

एका टॉवेलावर तिचा हात अडला. फंदा ओढला गेला होता, बोटभर दोरा बाहेर आला होता. तो तिने घडी न घालता वेगळा टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि तुमच्याकडे कारखान्यातल्या मुकादमासारखं बघितलं. तुम्ही लगेच वहीत काहीतरी लिहिलंत. खरंच लिहिलंत की नुसतं पेन फिरवलंत, मला दिसलं नाही.

डझन पुरा झाल्यावर तुम्ही तेलुगूत विचारलंत, "अयिंदा अम्मा?" झालं का. आणि आईने पदर खांद्यावर घेत सांगितलं, झालं. मग गाठ सोडून कार्ड स्वतःच माझ्या हातात दिलं. जणू पाळी संपवून घरीच निघाली होती.

सकाळी पावणेसातला मी मागच्या गल्लीत, तुमच्या लोकांच्या गेटापाशी थांबलो होतो, ते पाचशेची नोट घेऊन. तुम्ही ती घेतली नाहीत, शेंगा चटणीची पुडी आणि चार कडक भाकऱ्या घेतल्या. रेल्वेत खायला बांधून आणलेल्यांतल्याच होत्या, त्याबद्दल माफ करा. तिथे कळलं, की आई जिन्याच्या दाराने दोन मजले उतरून तुमच्या दिव्याकडे आली होती. घाबरलेली होती, नुसतं तेलुगूच बोलत होती, पाळीला उशीर झाला म्हणत होती. तुम्ही मूळच्या सातारकडच्या, पण जन्म वरळीच्या बीडीडी चाळीत गेलेला आणि शेजारपाजार सगळा गिरणीत आलेल्या, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांचा. खोली नंबर विचारला तर तिला सांगता येईना, कार्डावर तर तो लिहिलेला नसतोच. "मग म्हटलं, पाळीलाच आल्यात ना, तर काम देऊ," असं तुम्ही इतक्या सहज बोललात की मला पुढे काही विचारायचं सुचलं नाही.

दुसऱ्या रात्रीसाठी तुम्ही दिलेली युक्तीही सांगून ठेवतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. बंद पडलेलं जुनं कार्ड तुम्ही आईला दिलंत, पदराला बांधायला. आमचं खरं कार्ड खाचेतच राहिलं, एसी चालू राहिला, आई निवांत झोपली. मी मात्र दाराला बॅग टेकवून जागाच होतो.

डॉक्टरांनी एक गोळी बदलली आणि सहा महिन्यांनी बोलावलं. घरी आल्यावर मी शेजारच्या कारखान्यातून सेकंडचे, म्हणजे थोडी खोट असलेले, दोन डझन टॉवेल आणले. आई दुपारी घड्या घालते, रात्री ती झोपली की बायको आणि मी ते मोडून पुन्हा ढीग करून ठेवतो. तुमच्यासारखी वहीही केली आहे. तिच्यापुढे नग मोजून लिहावे लागतात, नाहीतर ती विश्वास ठेवत नाही.

मुंबईला गेलो होतो हे तिला आठवत नाही. हॉटेल, डॉक्टर, रेल्वे, काहीच नाही. पण ते कार्ड अजून पदरात आहे आणि दर चार-पाच दिवसांनी ती मला विचारते, त्या पोरीने तो फंदा ओढलेला नग मालातून बाजूला काढला का? मी काढला म्हणून सांगतो. तेवढं एकदा खरंच बघा ताई.

तुमचा,
८१७ मधला दादा