आठवड्याचे २८ तास

महोदय,

'काम करत शिका, खर्च आपोआप निघतो,' असं सांगून एजंटने मला टोकियोला धाडलं. विद्यार्थी व्हिसावर वेगळी परवानगी काढूनही सत्र चालू असताना आठवड्याला २८ तासच काम करता येतं, हे इथे आल्यावर कळलं. खोली घेताना घरमालकाला 'रेइकिन' मोजलं. ही अनामत नव्हे, परत न मिळणारी भेट! (पावती मात्र व्यवस्थित मिळाली.)

टोकियोच्या ताकादानोबाबा भागात जपानी भाषेची शाळा, संध्याकाळी कोनबिनीत, म्हणजे रोजच्या वस्तूंच्या छोट्या दुकानात काम. वर्गात एन-३ची, म्हणजे जपानी भाषा परीक्षेच्या मधल्या पातळीची तयारी चाललेली, आणि गल्ल्यावर आजोबा पुटपुटले 'फुकुरो'. पिशवी हवी होती. मी चमचा पुढे केला. तरी बोलायला शिकले ती गल्ल्यावरच.

आपल्या शिक्षण पुरवणीत प्रवेशाच्या जाहिरातींशेजारी हा हिशेबही छापावा.

– एक विद्यार्थिनी, टोकियो