रस्ता सांगणारं इंजिन घरच्या लॅपटॉपवर

मा. संपादक, सनवि.

आमचे दोन टेम्पो भोर-महाड करतात, पावसाळ्यात वरंध घाट बंद ठेवतात तरी मोबाईलमधलं ॲप ड्रायव्हरला बिनधास्त तिकडेच पाठवतं, म्हणून शेवटी ओएसआरएम हे रस्ता शोधून देणारं फुकटचं ओपन सोर्स इंजिन स्वतःच बसवलं. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, तो २००४ पासून लोकच बनवतायत. जिओफॅब्रिक या साईटवरून भारताच्या वेस्टर्न झोनची नकाशा-फाईल घेतली, डॉकर (असे प्रोग्रॅम तयार डब्यात चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं, मग इंजिनच्या तीन पायऱ्या: एक्स्ट्रॅक्ट (नकाशातून रस्ते काढणं), पार्टिशन (त्यांचे भाग पाडणं), कस्टमाईझ (त्यावर वेग बसवणं). माझा ४ जीबीचा लॅपटॉप पहिल्याच पायरीला बसला, मेव्हण्याचा १६ जीबीचा आणला तेव्हा कुठं गाडी हलली. आणि हो, यात रेखांश आधी लिहायचा असतो, मी अक्षांश आधी टाकला तर पुणं थेट नॉर्वेच्या वर समुद्रात!

घाट बंद करायला मात्र एक साधी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळींची फाईल) पुरते, रस्त्याच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांचे नोड (नकाशावरचे बिंदू) नंबर आणि पुढं वेग शून्य (जाताना-येताना वेगळी ओळ), मग फक्त कस्टमाईझ परत चालवायचं, की रूट ताम्हिणी घाटावरून.

आता घाट बंदचा आदेश फोटो काढून व्हॉट्सॲपवर फिरवण्यापेक्षा प्रशासनानं अशीच फाईल रोज का टाकू नये?

– एक टेम्पोमालक, भोर